एचडीडब्ल्यू पाणबुडी प्रकरण

एचडीडब्ल्यू पाणबुडी प्रकरण हा भारताच्या संरक्षण खरेदीतील कथित दलालीचा वाद होय. डिसेंबर १९८१ मध्ये भारताने पश्चिम जर्मनीतील या जहाजबांधणी कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. त्यांपैकी 'शाल्की' (१९९२) व 'शंकुल' (१९९४) मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. व्यवहारात ७ टक्के दलाली असल्याचे बॉनमधील भारतीय दूतावासाने कळवल्यावर संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी एप्रिल १९८७ मध्ये चौकशीचा आदेश दिला. काही दिवसांतच त्यांनी राजीनामा दिला. केंद्रीय अन्वेषण विभागाने १९९० मध्ये गुन्हा नोंदवला, तरी कोणासही शिक्षा झाली नाही आणि दलाली कोणाच्या हाती गेली हे संसदेसमोर आलेच नाही. आणखी दोन पाणबुड्यांची योजना मात्र बारगळली. परिणामी माझगावच्या कामगारांनी कमावलेले कौशल्य २००५ च्या स्कॉर्पीन करारापर्यंत वापराविना राहिले.