तिकिटातील फरक

तिकीट ही वस्तू दिसावयास क्षुल्लक असते. कागदाचा एक लहानसा कपटा, त्यावर काही आकडे आणि एखादा शिक्का. दारावरचा मनुष्य तो फाडतो आणि प्रेक्षक आत जातो. तथापि त्या कपट्यावर एक वचन लिहिलेले असते. घेणाऱ्याने पैसे मोजले, देणाऱ्याने काय द्यावयाचे ते मान्य केले, असा त्याचा अर्थ होय. हे वचन जसेच्या तसे पाळणे सोपे असते. घेणाऱ्याला मध्येच अधिक काही हवेसे वाटले म्हणजे मात्र पेच पडतो. एखादे कुटुंब करमणूक उद्यानात एका दिवसाचे तिकीट काढून जाते. संध्याकाळपर्यंत मुलांचे मन भरत नाही. उद्याही यावे, किंवा शेजारचे जलोद्यानही पाहावे, असे ठरते. अशा वेळी सकाळी भरलेले पैसे नव्या तिकिटात धरले जातील, की ते बुडाले असे समजून पुन्हा पूर्ण दाम मोजावे लागेल? या एका प्रश्नाभोवती जगभरच्या करमणूक उद्यानांचे नियम गेली अनेक वर्षे फिरत आले आहेत, आणि नियम बदलला की लोकांची कुरकुर ऐकू आली आहे.

माळव्याला हा प्रश्न पूर्वी ठाऊक नव्हता. जत्रेला दार नसते. आकाशपाळण्यात बसावयाचे त्याने पाळण्याचे पैसे द्यावेत, जादूचा खेळ पाहावयाचा त्याने तंबूच्या तोंडाशी द्यावेत, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने नुसते हिंडावे, अशी ती रीत. इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या तर याहूनही उदार. हुकूमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या कापड गिरण्यांच्या कामगारांनी वर्गणी करून हलते देखावे सजवावेत, रात्रभर ते शहरातून मिरवावेत आणि सारा गाव रस्त्याच्या कडेला बसून ते पाहावेत, ही परंपरा अनेक दशकांची आहे. गिरण्यांची धुराडी थंडावली, १९९१ साली हुकूमचंद गिरणीही बंद पडली. तरी झांक्या थांबल्या नाहीत. त्या पाहण्यासाठी कोणी तिकीट काढले नाही. त्यामुळे तिकिटाचा वरचा वर्ग कोणता आणि खालचा कोणता, हा तंटाही कधी उद्भवला नाही.

वर्गवारीचे तिकीट इंदुरास आले ते आगगाडीबरोबर. महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंदुरापर्यंत लोहमार्ग यावा म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. खांडवा ते सनावद हा पहिला टप्पा १८७४ च्या डिसेंबरात खुला झाला, आणि १८७६ साली नर्मदेवरील पुलाचे उद्घाटन खुद्द महाराजांच्या हस्ते झाले. विंध्याचा घाट चढावयाचा असल्याने मार्ग मीटरगेज ठेवण्यात आला. होळकर स्टेट रेल्वे हे त्याचे नाव. या गाडीबरोबर माळव्यातील सामान्य माणसाला एक नवी गोष्ट कळली. इंजिन एक, रूळ एक, पोहोचण्याची वेळही एकच. परंतु बसण्याची जागा मात्र दामाप्रमाणे वेगळी.

रेल्वेने वर्ग पाडले, त्याचबरोबर त्यांच्यामधून वर जाण्याची एक वाटही ठेवली. वरच्या वर्गात जागा रिकामी असेल तर प्रवाशाने तपासनिसास सांगावे, दोन भाड्यांमधील फरक भरावा, पावती घ्यावी आणि तेथे जाऊन बसावे. आधी भरलेला पैसा येथे पुरता मोजला जातो; वरचे तेवढे द्यावे लागते. हिशेब इतका सरळ की शाळकरी पोरालाही तो मांडता यावा. पुढे करमणुकीच्या धंद्याने वर्गांची कल्पना उचलली. फरकाचा हा सरळ हिशेब मात्र प्रत्येक वेळी उचलला नाही.

भारतीय रेल्वेच्या इतिहासात वर्गांची नावे बदलण्याचे दोन प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. १९५५ साली जुना पहिला वर्ग रद्द झाला. दुसऱ्यास पहिला आणि इंटर वर्गास दुसरा म्हणू लागले. १९७४ साली तिसरा वर्ग हे नावच गेले आणि तो दुसरा झाला. ज्या तिसऱ्या वर्गातील हालांविषयी गांधीजींनी १९१७ साली लिहिले होते, त्यातील उतारू अशा रीतीने एका रात्रीत वर चढले. पण बाके होती ती लाकडाचीच राहिली. प्रत्यक्ष सुधारणा त्यानंतर झाली. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील फळ्यांवर गाद्या आल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एकाच वर्गाची गीतांजली एक्सप्रेस मुंबई-हावडा मार्गावर धावू लागली. पाटी बदलणे आणि सुख वाढवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे लोकांना या वीस-बावीस वर्षांत चांगले समजले.

आता करमणूक उद्यानांकडे वळले म्हणजे हीच कथा निराळ्या वेषात दिसते. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे जॉर्ज टिल्यू याने १८९७ साली स्टीपलचेस पार्क उभारले. त्याने भोवती कुंपण घातले आणि अनेक खेळांचे मिळून एकत्र तिकीट विकले. पंचवीस सेंटांत पंचवीस खेळ ही त्याची प्रसिद्ध योजना. हा गृहस्थ इतका धोरणी की १९०७ साली उद्यान जळाले तेव्हा धुमसते अवशेष पाहण्यासाठीही त्याने दहा सेंट प्रवेशशुल्क लावले.

ज्या १९५५ साली इंदुरात आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, त्याच साली जुलैमध्ये कॅलिफोर्नियात वॉल्ट डिस्ने यांचे डिस्नेलँड उघडले. प्रारंभी प्रवेशाचे पैसे वेगळे आणि प्रत्येक खेळाचे वेगळे होते. पाहुण्याला पदोपदी खिशात हात घालावा लागे. म्हणून ऑक्टोबरात चिठ्ठ्यांचे पुस्तक निघाले. ए, बी आणि सी अशा तीन प्रतींच्या चिठ्ठ्या त्यात असत. १९५६ साली डी आणि १९५९ साली ई ही प्रत वाढली. ए म्हणजे साधा खेळ, ई म्हणजे सर्वांत थरारक. ई संपली की हातातल्या उरलेल्या ए चिठ्ठ्यांचा त्या मोठ्या खेळासाठी उपयोग नसे. हौस असेल त्याने पुन्हा खिडकीवर पैसे मोजावेत. त्यामुळे असंख्य घरांच्या खणांत ए आणि बी चिठ्ठ्या वर्षानुवर्षे पडून राहिल्या. ई चिठ्ठी मात्र अमेरिकी बोलीत उत्कृष्टतेची खूण होऊन बसली. अंतराळात जाणारी पहिली अमेरिकी स्त्री सॅली राइड हिने १९८३ साली आपल्या उड्डाणाचे वर्णन याच शब्दांनी केले. गंमत अशी की त्याच्या आदल्या वर्षीच ती पुस्तके बंद झाली होती. टेक्सासमधील सिक्स फ्लॅग्ज उद्यानाने १९६१ साली एकाच दामात सारे खेळ ही पद्धत चालवली होती. डिस्नेलँडने ती १९८२ साली पूर्णपणे स्वीकारली.

एक दाम, एक दार, आत सारे समान! आता वर्गांचा प्रश्न मिटला, असे कोणासही वाटले असते. परंतु तो मिटला नाही. त्याने जागा बदलली. खेळांचे वर्ग गेले आणि दिवसांचे आले. फ्लॉरिडातील डिस्ने उद्यानांत एक दिवसाचे, अनेक दिवसांचे, एकाच दिवशी अनेक उद्यानांत जाण्याचे, वर्षभराचे अशी तिकिटे निघाली आणि एकातून दुसऱ्यात जाण्याचे नियम आले. पूर्वीच्या अनेक तिकिटांतील न वापरलेले दिवस पुढे कधीही वापरता येत. २००५ साली नवी व्यवस्था आली : पहिल्या वापरापासून चौदा दिवसांत दिवस संपवावेत, मुदत नको असेल तर जादा पैसे द्यावेत. पुढे दहा वर्षांनी ती जादा पैशांची सोयही काढून घेण्यात आली. २०१६ साली एका दिवसाच्या तिकिटाचे दर हंगामाप्रमाणे बदलू लागले आणि २०१८ साली अनेक दिवसांच्या तिकिटांनाही तारखेप्रमाणे दर लागले.

याच ठिकाणी फरकाचा हिशेब अवघड होऊन बसतो. कल्पनेने एक उदाहरण घेऊ. दारावर एक हजार रुपयांना मिळणारे तिकीट एका कुटुंबाने बाहेरच्या विक्रेत्याकडून आठशेला घेतले. त्यांना आता पंधराशेचे तिकीट हवे आहे. फरक किती? तिकिटाची दारावरची किंमत धरली तर पाचशे. प्रत्यक्ष दिलेले पैसे धरले तर सातशे. दोन्ही बाजूंना युक्तिवाद आहे. पाहुणा म्हणतो, मजजवळ हजाराची वस्तू आहे. मालक म्हणतो, मजजवळ तुमचे आठशेच आले. यांपैकी कोणताही नियम असह्य नाही. असह्य होते ते असे की एका खिडकीवर पाचशे मागितले जावेत आणि दुसरीवर सातशे. किंवा गेल्या वर्षी पाचशे होते म्हणून त्याच भरवशावर घर सोडलेल्या माणसाला दारात पोहोचल्यावर सातशे ऐकावे लागावेत. तेथे रक्कम दोनशेचीच असते, पण आपल्याला खेळवले गेले ही भावना त्याहून पुष्कळ मोठी असते.

रांगेची कथा हेच सांगते. रांगेत न ताटकळता ठरलेल्या वेळी खेळात प्रवेश देणारी सोय डिस्नेने १९९९ साली विनामूल्य सुरू केली होती. २०२१ साली तिच्या जागी पैसे देऊन घ्यावयाची सोय आली, आणि जुन्या पाहुण्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. जे आजवर तिकिटातच होते ते आता तिकिटावर चढवले गेले, हे त्यांच्या रागाचे मूळ होते.

भारतातही ही वाटचाल फार निराळी नाही. दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली उघडले आणि २००८ साली बंद झाले. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड आले. खोपोलीजवळच्या इमॅजिकाने २०१३ साली आरंभ केला, तेव्हा साध्या तिकिटाशेजारी रांग टाळणारे महाग तिकीटही भारतीय कुटुंबांच्या ओळखीचे होऊ लागले. दर वाढण्या-घटण्यास सरकारही कारण असते. २०१७ साली वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा अशा उद्यानांच्या प्रवेशावर २८ टक्के कर होता. २०१८ च्या जानेवारीत तो १८ टक्क्यांवर आला. चार जणांच्या कुटुंबास असा प्रत्येक टक्का जाणवतो, कारण सुट्टीतला हा एक दिवस कित्येक महिन्यांच्या बचतीतून आलेला असतो.

इंदूरजवळ या साऱ्या इतिहासाचे एक चिमुकले प्रतिबिंब आहे. तुकोजीरावांच्या त्या जुन्या मीटरगेज मार्गावर, पाताळपाणी ते कालाकुंड या घाटाच्या तुकड्यात, २०१८ च्या डिसेंबरात एक वारसा गाडी सुरू झाली. कोठे पोहोचण्यासाठी या गाडीत कोणी बसत नाही. बोगदे, दरी आणि पावसाळ्यातील धबधबा पाहण्यासाठी बसतात. प्रवासाची गाडी करमणुकीची झाली, आणि तिच्यातही वातानुकूलित डबा आणि साधा डबा असे दोन दर राहिले. तरी ती वाद न करता स्वीकारली जाते, कारण काचेतून पाहावयाचे की वारा अंगावर घेत पाहावयाचे, हे घर सोडण्यापूर्वीच ठरलेले असते. आणि धबधबा दोन्ही खिडक्यांतून दिसतो.

नियम बदलणारच. इंधन महागते, खेळांची यंत्रे झिजतात, गर्दी वाढते. मालकालाही आपला मेळ घालावा लागतो. परंतु बदल आधी सांगावा, प्रत्येक खिडकीवर हिशेब एकच असावा, आणि जुने तिकीट ज्याच्या हातात आहे त्याला जुने वचन पुरे करून द्यावे, एवढी अपेक्षा गैर नव्हे. एरवी खिडकीपाशी उभा असलेला बाप दोनशे रुपये मोजतो खरा. पण त्याच्या शेजारी उभे असलेले पोर त्याचा उतरलेला चेहरा पाहत असते, आणि त्या दिवसाची आठवण म्हणून तेवढेच घरी घेऊन जाते.