कळ क्रमांक सदतीस
(लिनक्सच्या गाभ्यातील कीबोर्ड-खात्याचा इतिहास)

वाचकहो, कीबोर्डवरील ‘के’ ही कळ आपण दाबता आणि पडद्यावर ‘के’ हे अक्षर उमटते. यात इतिहास तो कसला, असे आपणांस वाटेल. पण कळ दाबणे आणि अक्षर उमटणे या दोहोंच्या मध्ये एक दुभाषा बसलेला असतो. त्याची नेमणूक कोणीतरी करावी लागते, आणि ती राहून गेली तर हजारो रुपयांचे यंत्र समोर असूनही त्याच्याशी एक शब्द बोलता येत नाही. ही नेमणूक आजवर कोणी व कशी केली, याची हकीकत येथे सांगावयाची आहे. त्यासाठी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम निवडली आहे, कारण तिचा सर्व मजकूर पहिल्या आवृत्तीपासून कोणासही वाचता येतो. कुलूपबंद पेटीचा इतिहास असा आतून लिहिता येत नाही.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी आतल्या भागास कर्नल म्हणतात. लष्करातील कर्नलाशी त्याचे काही नाते नाही. बदाम फोडल्यावर जो गर निघतो, त्याचे हे इंग्रजी नाव. डिस्क, पडदा, कीबोर्ड या प्रत्येकाशी बोलणारा एकेक लहान प्रोग्राम या गाभ्यात असतो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. आपला दुभाषा तो हाच.

आता पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही की, कळीवर काय छापले आहे हे कीबोर्डला ठाऊकच नसते. तो केवळ क्रमांक पाठवितो. आयबीएम कंपनीने १९८१ साली पर्सनल कॉम्प्युटर आणला, तेव्हा त्याच्या कीबोर्डला ८३ कळा होत्या व ‘के’च्या कळीचा क्रमांक ३७ होता. कळ दाबली की ३७, सोडली की त्यात १२८ मिळवून १६५. पुढे १९८४ साली त्याच कंपनीचा ‘एटी’ संगणक आला आणि त्याच्या कीबोर्डने क्रमांक बदलले. ‘के’ची कळ आता ६६ म्हणू लागली. मग जुन्या प्रोग्रामांचे काय व्हावयाचे? त्यासाठी मुख्य पाटीवर इंटेलची ८०४२ ही चिप बसविण्यात आली. ती ६६ ऐकून घेई आणि पुढे ३७ सांगे. ही चिप वेगळी अशी आता कोठे दिसत नाही, पण कित्येक लॅपटॉपांचा कीबोर्ड आजही तिचे सोंग घेऊनच बोलतो आणि लिनक्समधील संबंधित ड्रायव्हरचे नावही ‘आय-८०४२’ असेच आहे. सरकारी कचेरीत खाते बंद होते पण फाइलीवर त्याचे नाव राहते, त्यातलाच हा प्रकार.

हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ च्या जानेवारीत ३८६ जातीचा संगणक घेतला. विद्यापीठाच्या मोठ्या संगणकाशी घरून मोडेमद्वारे बोलता यावे म्हणून त्याने एक लहान प्रोग्राम लिहावयास घेतला. त्याचे दोन भाग होते : एक कीबोर्डवरून घेऊन मोडेमकडे देणारा, दुसरा मोडेमकडून घेऊन पडद्यावर टाकणारा. म्हणजे लिनक्सचा जन्मच, म्हणावयाचे तर, कीबोर्ड ऐकण्याच्या खटपटीतून झाला. सप्टेंबर १९९१ मध्ये ०.०१ ही आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात कीबोर्डचा एकच तक्ता होता आणि तो फिनलंडचा होता. लेखक फिनिश, त्याच्यापुढील कीबोर्ड फिनिश, तेव्हा दुसरे काही असण्याचे कारण नव्हते. पण तीच सिस्टीम अमेरिकन कीबोर्डवर चालवावी तर शून्याशेजारची वजाबाकीची कळ दाबताच पडद्यावर अधिकचे चिन्ह येई, आणि ‘पी’शेजारचा चौकोनी कंस दाबावा तर महिरपी कंस येई. कळ क्रमांक ठीक, तक्ता परका! ज्यास ते खपत नसेल त्याने तक्त्याची फाइल उघडून स्वतः बदलावी, हाच उपाय होता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात ०.११ आवृत्ती आली आणि तिच्यात फिनिशबरोबर अमेरिकन, जर्मन व फ्रेंच असे चार तक्ते झाले. हवा तो ठेवून बाकीच्या ओळी बाद करावयाच्या आणि सगळा गाभा पुन्हा कंपाइल करावयाचा. माझ्या मते ‘कॉन्फिगर करणे’ या शब्दाचा खरा आरंभ येथे आहे : लेखकाच्या टेबलावरील निर्णय यंत्राच्या मालकाच्या हाती आला. पुढे काही वर्षांत तक्ता गाभ्याबाहेरच्या साध्या फाइलीत ठेवून यंत्र चालू असतानाच चढविण्याची सोय झाली. तेव्हापासून भाषा बदलण्यासाठी गाभा नव्याने बांधण्याची गरज उरली नाही. गाभ्याला तक्ता एकच पाठ, तोही अमेरिकन. बाकीचे बाहेरून येतात.

भाषेचा प्रश्न असा मिटला; ड्रायव्हरचा मात्र अधिकच गुंतला. युएसबी आले तसे कीबोर्ड दोन जातींचे झाले : ८०४२ च्या मार्गाने बोलणारे आणि युएसबीच्या मार्गाने बोलणारे. वॉयटेक पाव्लिक या चेक प्रोग्रामरने या सर्वांना एका छत्राखाली आणणारी ‘इनपुट’ व्यवस्था उभी केली. कीबोर्ड कोणत्याही मार्गाने येवो, गाभ्यात शिरताना ‘के’ची कळ ३७ च. जानेवारी २००१ च्या २.४ आवृत्तीत ही व्यवस्था युएसबीपुरती होती. डिसेंबर २००३ च्या २.६ मध्ये ती सर्वांना लागू झाली.

आणि येथेच मोठी गंमत झाली; ज्यांची झाली त्यांना ती गंमत वाटली नसेल. २.४ पर्यंत साध्या कीबोर्डबद्दल गाभा बांधणाऱ्यास ड्रायव्हर हवा का, असे कोणी विचारीतच नसे. तो आत असेच. नव्या व्यवस्थेत सगळे सुटे झाले. इनपुट हवे काय? ८०४२ हवे काय? एटी कीबोर्ड हवा काय? पडद्यावरील टर्मिनल हवे काय? प्रत्येक प्रश्नास तीन किंवा दोन उत्तरे : गाभ्यातच बसवा, वेगळे मॉड्यूल करून ठेवा, अथवा नको. अनेकांनी २.४ ची जुनी उत्तरपत्रिका पुढे केली, तीत या प्रश्नांची उत्तरे नव्हतीच किंवा चुकीची होती. यंत्र सुरू होई, पण कीबोर्ड मुका; कोणाचा तर पडदाही काळाच. पुन्हा पुन्हा तीच तक्रार येऊ लागली, तेव्हा एक लहानसा पण विचार करण्यासारखा बदल झाला. नेहमीच्या पीसीवर एटी कीबोर्डाचे उत्तर ‘हो’ असे आधीच भरून तो प्रश्नच लपविण्यात आला. ज्याने ‘एम्बेडेड’ हा पर्याय, म्हणजे लहान विशेष यंत्रांसाठीचा पर्याय, घेतला असेल त्यालाच तो दिसे. २०११ साली या पर्यायाचे नाव ‘एक्सपर्ट’ झाले. ज्यांना स्वातंत्र्याचा अभिमान त्यांना हे रुचले नसेल. मला ते योग्य वाटते. घराच्या नकाशात दार कोठे ठेवावे हे विचारावे, दार ठेवावे का हे विचारू नये.

तरीही दार बंद होण्याचे प्रसंग संपले नाहीत. आपल्या शाळेच्या संगणक-कक्षात कधी हे घडले तर घाबरू नये, म्हणून सांगतो. यंत्र चालू करता, सुरुवातीची यादी येते, बाणाच्या कळा चालतात. लिनक्स सुरू होते आणि कीबोर्ड मरतो. कीबोर्ड बिघडलेला नसतो. यादीच्या वेळी त्याची भाषा यंत्राचे बायोस समजून घेत होते. गाभ्याने कारभार हाती घेताच बायोसने हात काढले आणि गाभ्यापाशी युएसबीचा ड्रायव्हर नव्हता. तो मॉड्यूल म्हणून डिस्कवर ठेवलेला असेल आणि डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असेल, तर पेच पुरा होतो : डिस्क उघडावयास पासवर्ड हवा, पासवर्ड टंकावयास ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर त्या डिस्कवर! म्हणून असे ड्रायव्हर एकतर गाभ्यातच बसवितात किंवा गाभ्याबरोबर प्रथम वाचल्या जाणाऱ्या ‘इनिट-रॅम-एफएस’ या लहान गाठोड्यात बांधतात. २०१५ नंतरच्या काही मॅकबुक लॅपटॉपांवर तर कीबोर्ड ८०४२ चाही नव्हता आणि युएसबीचाही नव्हता. ‘एसपीआय’ नावाच्या तिसऱ्याच मार्गाने तो बोलत असे. त्याचा ड्रायव्हर मूळ गाभ्यात येण्यास २०१९ ची ५.३ आवृत्ती उजाडली. तोवर त्यांवर लिनक्स चालविणाऱ्यास बाहेरचा कीबोर्ड जोडणे अथवा ड्रायव्हर दुसरीकडून आणून बसविणे भाग होते.

आता आपल्या मराठीविषयी. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इनस्क्रिप्ट हा कळफलक ठरविला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ‘के’च्या कळीवर क आहे आणि शिफ्टसह ख. आमच्या उर्दू शिक्षकांच्या उच्चारानुसारी कळफलकावर त्याच कळीला काफ आहे. गाभ्याला यातले काहीच कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. तो ३७ सांगून मोकळा होतो. वरची चित्रमय व्यवस्था त्यात जुन्या नियमानुसार ८ मिळविते आणि ४५ व्या घरात त्या क्षणी जे बसविले असेल ते उमटविते : के, क किंवा काफ.

पण ही सोय वरच्या मजल्यावरची आहे. तळमजल्यावर, म्हणजे यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या काळ्या पडद्यावर, जुन्या व्हीजीए पद्धतीत एका वेळी फार तर ५१२ अक्षरचिन्हे मावत आणि क्ष, त्र, र्‍या अशी जोडाक्षरे जुळविण्याची सोय नव्हती. देवनागरीचा संसार तेथे नीट थाटला गेला नाही. तेथे दुसरा तक्ता चढविला नसेल तर अमेरिकन तक्ताच असतो. म्हणून डिस्कचे कुलूप ठरविताना ज्यांस मराठीत पासवर्ड ठेवण्याची हौस असेल त्यांनी तो नोंदविण्याआधी यंत्र एकदा बंद करून चालू करावे, आणि त्या काळ्या पडद्यावर सदतीस क्रमांकाची कळ काय उमटविते ते पाहून घ्यावे.