कायदेमंडळ, खोत आणि कूळ

हेदवीला बाहेरचे लोक येतात ते दशभुज गणेशाचे देऊळ आणि बामणघळीत उसळणारे पाणी पाहायला. या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या कोण राबले हे त्यांना कुणी सांगत नाही. माझा पणजा कूळ होता. भाताचा अर्धेल खोताच्या अंगणात नेऊन टाकायचा, शिवाय वेठीला जायचे आणि पावती मागायची नाही, एवढाच कायदा त्याला ठाऊक होता. खोताचे हक्क मात्र १८८० च्या खोती कायद्याने लेखी झाले होते.

कायदे करणारे सभागृह कोणी उभे केले, हा प्रश्न म्हणून आपल्याला विचारावा लागतो. अमेरिकेतल्या बहुतेक वसाहतींनी १७७६ नंतर आपापल्या राज्यघटना स्वतः लिहिल्या. त्यातही मत मालमत्तावाल्याचे किंवा कर भरणाऱ्याचेच, गुलामाचे नव्हे. मुंबई प्रांताची घटना तर लंडनच्या पार्लमेंटने लिहिली, १९१९ मध्ये आणि पुन्हा १९३५ मध्ये. मालमत्तेची अट इथेही होतीच.

१९१९ च्या कायद्यात अस्पृश्यांचा प्रतिनिधी निवडून येत नसे, सरकार तो नेमत असे. १९२७ साली बाबासाहेब आणि डॉ. सोळंकी असेच नेमलेले सभासद म्हणून कौन्सिलात बसले. त्याआधी १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव याच कौन्सिलात मंजूर करून घेतला होता. ठराव कागदावर राहिला. चवदार तळ्याचे पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी माणसांना स्वतः जावे लागले.

१९३५ च्या कायद्याने मुंबईची विधानसभा १७५ जागांची झाली. त्यात १५ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्ष आला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला भरपाई द्यावी आणि जमीन कसणाऱ्याला सरकारशी थेट नाते असलेला कब्जेदार करावे, असे त्यात होते. भरपाईची ही तरतूद आज आपल्या तरुणांना खुपते. पण सभागृहात आपली डोकी किती, हे बाबासाहेबांना ठाऊक होते. एवढे मवाळ विधेयकही सत्ताधारी काँग्रेसपुढे पुढे सरकले नाही.

मग कुळेच मुंबईला गेली. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर चालून गेले. कोकणातली ही माणसे, ज्यांतल्या कित्येकांना मतही नव्हते, बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाला आपली मागणी ऐकवायला आली होती. आमच्या पाठ्यपुस्तकांत दांडीला पाने मिळतात, या मोर्चाला ओळही नाही, आणि मी वर्गात तो सांगतो तेव्हा कुळांची नातवंडे-पणतवंडेच सर्वांत जास्त चकित होतात.

नोव्हेंबर १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळ पायउतार झाले. बाबासाहेबांचे विधेयक कायदा झालेच नाही. खोती गेली ती १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने, म्हणजे विधेयकानंतर बारा वर्षांनी. या बारा वर्षांत भाताचे किती अर्धेल खोतांच्या अंगणात पडले असतील?

माझ्या पणजाने पहिले मत १९५२ साली दिले. जमिनीवर त्याचे नाव लागायला तलाठ्याने आधी पुरावा मागितला होता. पावती कधी मिळालीच नव्हती. शेवटी शेजारच्या दोन कुळांनी जबाब दिला, अंगठे उठवून.