पॅरिशची वही आणि गरिबाची जबानी

इंग्लंडच्या खेड्यातील एखाद्या कुळाचा माग काढणारा अभ्यासक प्रथम पॅरिशच्या नोंदवह्यांपाशी येतो. थॉमस क्रॉमवेलच्या १५३८ च्या आदेशाने सुरू झालेल्या या वह्यांत बाप्तिस्मा, विवाह व दफन एवढेच नोंदले जाई. शेतमजुराचे उरलेले आयुष्य वहीबाहेरच राही. जॉर्ज क्रॅब या धर्मोपदेशक कवीने १८०७ साली ‘द पॅरिश रजिस्टर’ची रचना याच तीन भागांत केली. १७५३ च्या विवाहकायद्यानंतर वधूवरांच्या सह्या, आणि निरक्षरांच्या फुल्याही, दिसू लागतात.

गरिबाचे सलग चरित्र मात्र अन्यत्र सापडते. १६६२ च्या ‘सेटलमेंट’ कायद्यान्वये पॅरिशवर भार होऊ पाहणाऱ्या परक्यास त्याच्या हक्काच्या पॅरिशात परत धाडता येई. त्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांपुढे शपथेवर जबानी होई: जन्म कोठला, चाकरी कोणाकडे, लग्न केव्हा. हिला आत्मकथन म्हणावे काय? माझ्या मते म्हणावे. मात्र प्रश्न दुसऱ्याचे, लेखणी कारकुनाची आणि उत्तरावर राहते गाव अवलंबून, हे ध्यानी ठेवून. अविवाहित नोकरास वर्षभराच्या सलग चाकरीने तेथील वस्तीचा हक्क मिळे. म्हणूनच कित्येक मालक त्याला वर्ष भरण्यास थोडे दिवस उरले असताना निरोप देत.