मातीसाठी पैसे कोणाला द्यायचे?

'जमिनीची धूप' हा पाठ आपण सगळेच शिकवतो. झाडे लावा, बांध घाला, उताराला आडवी नांगरट करा; हे उपाय मुले घडाघडा म्हणून दाखवतात. पण समजा, एखाद्या मुलीने विचारले, "याचा खर्च कोण देणार?" तर? पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नसते. अमेरिकेच्या इतिहासात मात्र ते शोधता येते, आणि ते वाटते तितके सरळ नाही.

१९०५ साली ह्यू हॅमंड बेनेट हा तरुण मृदाशास्त्रज्ञ व्हर्जिनियातील लुइसा काउंटीत मातीची पाहणी करत होता. (काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग.) एकमेकांना लागून असलेल्या दोन जमिनी त्याने पाहिल्या. उतार तोच, मूळ खडक तोच. पण जंगलाखालची माती भुसभुशीत आणि ओलसर होती, तर शेजारच्या शेतात नुसती कडक चिकणमाती उरली होती. तिथे घळी पडल्या नव्हत्या. दर पावसात एक पातळ थर निघून जात होता, इतका हळू की कोणाच्या लक्षातही आले नव्हते. गंमत म्हणजे १९०९ मध्ये खुद्द सरकारच्याच मृदा विभागाने माती ही देशाची अविनाशी संपत्ती असल्याचे छापले होते. १९२८ मध्ये बेनेटने एका सहकाऱ्यासह धुपीवर इशारा देणारी पुस्तिका लिहिली, आणि १९२९ मध्ये संशोधन केंद्रांसाठी १,६०,००० डॉलर मंजूर झाले.

तिकडे मध्यभागातील विस्तीर्ण गवताळ मैदानांवर वेगळेच संकट तयार होत होते. पहिल्या महायुद्धात गव्हाला चांगला भाव मिळाला. शेतकऱ्यांनी गवत नांगरून गहू पेरला. युद्धानंतर भाव कोसळले, तेव्हा कर्जाचे हप्ते भागवण्यासाठी आणखी जमीन नांगरली गेली. म्हणजे भाव चढला तरी नांगर, पडला तरी नांगर! बारमाही गवताची मुळे माती धरून ठेवत होती, ती गेली. मग दुष्काळ आला. मे १९३४ मध्ये मैदानांवरची धूळ न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली. १४ एप्रिल १९३५ चे वादळ 'काळा रविवार' म्हणून ओळखले जाते. त्याच महिन्यात, २७ एप्रिलला, मृदसंधारणाचा कायदा झाला आणि बेनेट नव्या खात्याचा प्रमुख झाला.

आता मदतीचा प्रश्न. १९३३ च्या कायद्याने शेतकऱ्यांना पीक कमी घेण्याबद्दल पैसे मिळू लागले होते. हेतू होता भाव वाढवण्याचा. पण पैसे प्रामुख्याने जमीनमालकाच्या हाती पडत. दक्षिणेतील कापसाच्या पट्ट्यात मालकांनी पेरा कमी केला, तसे अनेक वाटेकरी आणि कुळे बेघर झाली. १९३४ मध्ये आर्कान्सामध्ये काळ्या आणि गोऱ्या वाटेकऱ्यांनी एकत्र येऊन संघटना काढली, ती याच अन्यायातून. मदत चांगल्या हेतूने दिली तरी ती कोणत्या दारातून आत जाते, यावर कोणाचे घर टिकते ते ठरते.

जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला. काँग्रेसने दोन महिन्यांच्या आत नवा कायदा आणला. आता पैसे मातीचा कस घटवणारी पिके कमी करून कस वाढवणारी पिके घेण्याबद्दल होते. मृदसंधारण हे अशा प्रकारे थोडे तळमळीतून आणि थोडे कायदेशीर सोयीतून मदतीचे कारण बनले.

पण सरकारने शेतकऱ्याला पैसे का द्यावेत? शास्त्रीय कारण साधे आहे. वाऱ्याला कुंपण कळत नाही. एकाने शेत उघडे टाकले तर धूळ शेजाऱ्याच्या पिकावर जाते. बांध घालणाऱ्याचा खर्च त्याचा एकट्याचा, फायदा मात्र सगळ्या परिसराचा. म्हणून खर्चही वाटून घ्यायचा आणि निर्णयही एकत्र घ्यायचा. विस्कॉन्सिनमधील कून व्हॅली येथे १९३३ पासून हा प्रयोग झाला. सरकारने मजूर, बियाणे आणि सल्ला दिला, तर शेतकऱ्यांनी पाच वर्षांचे करार केले. १९३७ मध्ये स्थानिक मृदसंधारण जिल्हे स्थापन होऊ लागले. पहिला ब्राउन क्रीक, नॉर्थ कॅरोलायनातील अ‍ॅन्सन काउंटीत, म्हणजे बेनेटच्या जन्मगावच्या परिसरात. आज असे सुमारे तीन हजार जिल्हे आहेत.

मग प्रश्न सुटला का? १९७० च्या दशकात धान्याचे भाव वाढले आणि जुन्या वृक्षपट्ट्यांवरही नांगर फिरला. १९८५ च्या कायद्याने नवा उपाय आणला. धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षे गवताखाली किंवा झाडांखाली ठेवा, सरकार दर एकरी भाडे देईल. सर्वसाधारणपणे एका काउंटीतील २५ टक्क्यांहून अधिक लागवडीची जमीन यात घ्यायची नाही, अशीही अट होती. कारण सगळेच शेत पडीक राहिले तर बियाणे विकणाऱ्याने आणि धान्य व्यापाऱ्याने जगायचे कशावर? १९८२ ते २००७ या काळात अमेरिकेच्या लागवडीच्या जमिनीवरील धूप सुमारे ४३ टक्क्यांनी घटली. कमी नांगरटीच्या पद्धतींचाही त्यात वाटा होता. २००७ मध्ये योजनेत ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती. पुढे मक्याचे भाव चढले, करार संपले, आणि २०१४ च्या कायद्याने मर्यादा २ कोटी ४० लाख एकरांवर आणली. पुष्कळसे गवत पुन्हा नांगरले गेले.

आपल्याकडेही १९४२ मध्ये मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि त्याखाली बांधबंदिस्तीची कामे झाली. समपातळी रेषा शेताच्या हद्दी पाळत नाही, ही अडचण इथेही तीच.

वर्गात एक करून पाहा. दोन पसरट ट्रेमध्ये सारखी माती भरा. एकीत गवत उगवू द्या, दुसरी उघडी ठेवा. सारखाच उतार देऊन झारीने सारखेच पाणी घाला. खाली जमलेले गढूळ पाणी वाळवून उरलेली माती तोला. मग मुलांना विचारा: गवताची ट्रे ज्याची, त्याचे या वर्षीचे पीक बुडाले, त्याला भरपाई कोणी द्यावी, आणि ती जमिनीच्या मालकाला की कसणाऱ्याला? वजनकाटा पहिल्या भागाचे उत्तर देईल. दुसऱ्यासाठी मुलांना आपसात बोलावे लागेल.