तळटीप : तिर्रट

तिर्रट : नांदेड-लातूरकडे तीन पत्तीला तिर्रट म्हणतात. पोलिसांच्या छाप्याच्या बातम्यांत 'तिर्रट नावाचा जुगार' हे शब्द आजही सर्रास छापून येतात.

52 पानांचा कॅट. सगळ्यांनी ठरलेली रक्कम मध्ये टाकली की प्रत्येकाला तीन पाने पालथी वाटतात. पाने न पाहता खेळणारा 'ब्लाइंड'. पाहून खेळणाऱ्याला त्याच्या दुप्पट लावावे लागते. पाने हलकी वाटली तर ती टाकून बाहेर पडायचे. दोघेच उरले की 'शो'.

सर्वांत भारी एकसारखी तीन पाने, तीन एक्के सर्वोच्च. मग एकाच रंगातला क्रम, साधा क्रम, नुसता रंग, जोडी आणि शेवटी मोठे पान. टेक्सास होल्डेम पोकरमध्ये हातात दोन पाने असतात, टेबलावरची पाच उघडी पाने सर्वांची, आणि त्या सातांतून उत्तम पाच निवडतात. तिथे रंग क्रमाला हरवतो, इथे क्रम रंगाला. कारण गणिती आहे : तीन पानांचे 22,100 संच होतात, त्यांत साधे क्रम 720, नुसते रंग 1,096. पाच पानांत क्रमच जास्त जमतात.

कथेतला नायक आपल्या 'डोक्यावर' विसंबून शेत गहाण टाकतो, म्हणून हे सांगणे अगत्याचे : त्या 22,100 पैकी 16,440 संचांत जोडीसुद्धा नसते. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले. तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा.