दृक्-दूरसंवाद, कार्यालयीन

दूरस्थ व्यक्तींचा आवाज व हलती प्रतिमा एकाच वेळी दोन्ही दिशांनी वाहून नेणाऱ्या संदेशवहन पद्धतीस दृक्-दूरसंवाद (प्रचलित नाव व्हिडिओ कॉल) म्हणतात. मेजावरील संगणकावरून तो साधणारी साधने कार्यालये, न्यायालये व शिक्षणसंस्था यांच्या कामकाजाचा भाग बनली आहेत. अशा साधनाची पारख प्रतिमेच्या सुबकतेवरून करण्याची प्रवृत्ती असते. तथापि इतिहास पाहता खरा प्रश्न पडद्यावरील उपस्थितीस खरी उपस्थिती केव्हा मानावे, हाच राहिला आहे.

बेल टेलिफोन प्रयोगशाळेने १९२७ मध्ये वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला आवाजासह प्रतिमा पाठविली. ती मात्र एकाच दिशेने जात होती. जर्मन टपाल खात्याने १९३६ मध्ये बर्लिन व लाइपसिक यांच्या दरम्यान सार्वजनिक सेवा सुरू केली. ‘पिक्चरफोन’ हे अमेरिकन यंत्र १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात मांडले गेले व १९७० मध्ये पिट्सबर्ग येथे त्याची व्यापारी सेवा सुरू झाली. दरमहा १६० डॉलर भाडे व समोरच्याकडेही तसेच यंत्र असण्याची गरज, यांमुळे ती रुजली नाही.

प्रतिमेतील पुनरावृत्त माहिती वगळून ती संक्षिप्त करण्याचे आंतरराष्ट्रीय मानक (एच. २६१) १९८८ मध्ये सिद्ध झाले आणि साध्या अंकीय वाहिन्यांवरून चित्र पाठविणे शक्य झाले. कॉर्नेल विद्यापीठात १९९२ मध्ये तयार झालेल्या ‘सीयू-सीमी’ या कार्यक्रमाने वैयक्तिक संगणकाला ही सोय दिली. २००३ मध्ये निघालेल्या ‘स्काइप’ने पुढे चित्राची जोड देऊन ती घरोघरी नेली; ही सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली. २०११ मध्ये पुढे आलेल्या ‘वेबआरटीसी’ तंत्रामुळे वेगळा कार्यक्रम न बसविताही न्याहाळकातून संवाद शक्य झाला.

भारतात या साधनाची कायदेशीर कसोटी मुंबईतील एका फौजदारी खटल्यात लागली. न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरांची साक्ष आवश्यक होती. ते साक्षीस तयार होते, परंतु भारतात येण्यास नव्हते. दंडाधिकाऱ्यांनी दृक्-दूरसंवादाने साक्ष घेण्यास दिलेली परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या प्रकरणी १ एप्रिल २००३ रोजी तो निर्णय फिरविला. आरोपीच्या ‘उपस्थितीत’ साक्ष घेणे म्हणजे केवळ शारीरिक सान्निध्य नव्हे. साक्षीदार दिसतो, ऐकू येतो व त्याची उलटतपासणी होऊ शकते, हे पुरेसे आहे, असे न्यायालयाने मानले. (मूळ आरोपातून संबंधित डॉक्टरांची २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच मुक्तता केली.)

कंपनी अधिनियम, २०१३ अन्वये संचालकांना मंडळाच्या सभेस या मार्गाने हजर राहता येते. त्याखालील २०१४ च्या नियमांनुसार प्रारंभी हजेरी घेतली जाते. प्रत्येकाने आपले नाव व ठिकाण सांगावे आणि अनधिकृत व्यक्ती जवळ नसल्याचे नमूद करावे लागते. ओळख, स्पष्टता, गोपनीयता व नोंद या चार गोष्टींत कार्यालयीन साधनाच्या मूल्यमापनाचा गाभा आहे.

तांत्रिक बाजूने आवाजास चित्राहून अधिक महत्त्व द्यावे लागते. चित्र क्षणभर अडखळले तरी बोलणे चालू राहते. आवाज तुटल्यास अर्थच हरवतो. आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० सहस्रांश सेकंदांच्या आत असणे इष्ट आहे. तो फार वाढल्यास माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. सहभागींची संख्या वाढली की प्रवाहांचा भारही वाढतो : आठ जणांनी परस्परांस थेट चित्र पाठविल्यास ५६ प्रवाह होतात. म्हणून मोठ्या सभांत प्रत्येकजण एकच प्रवाह मध्यवर्ती संगणकाकडे पाठवितो व तो पुढे वाटला जातो. या सोयीबरोबर संभाषण मध्यस्थाच्या हाती जाण्याचा धोका येतो. टोकापासून टोकापर्यंतचे सांकेतिकीकरण हा त्यावरील उपाय होय.

२०२० च्या टाळेबंदीत हे प्रश्न एकदम सार्वजनिक झाले. सर्वोच्च न्यायालयाने ६ एप्रिल २०२० रोजी न्यायालयीन कामकाज या मार्गाने चालविण्याचे निर्देश दिले, तर त्याच महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाने ‘झूम’ या साधनाच्या सुरक्षिततेबाबत इशारा दिला.

साधनाची अंतिम कसोटी मात्र त्याच्या वापराच्या जागी लागते. मुंबईच्या देवनार परिसरात टाटा समाजविज्ञान संस्थेसारखे विस्तीर्ण आवार आहे, तशाच जवळ शिवाजीनगर-बैंगणवाडीसारख्या दाट वस्त्याही आहेत. जेथे एका खोलीत कुटुंब राहते, तेथे ‘अनधिकृत व्यक्ती जवळ नाही’ असे कोणालाही प्रामाणिकपणे सांगता येत नाही आणि कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती घराचा खाजगीपणा उघडा पाडते. अशा ठिकाणी केवळ आवाजावर भाग घेण्याची मुभा, पार्श्वभूमी झाकण्याची सोय व मंद जोडणीवरही टिकणारे ध्वनिवहन ही वैशिष्ट्ये चैनीची नसून समान सहभागाची अट ठरतात. त्यांच्या अभावी साधन कितीही प्रगत असले, तरी सभेतील काहीजण यादीत हजर व प्रत्यक्षात अनुपस्थित राहतात.